कंपनीत चोरीचा आळ आला तेव्हा : चार्जशीट, चौकशी आणि दुसरा गाल

गेल्या काही दिवसात बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या दोन ओळखीच्या माणसांनी फोन करून विचारलं की चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, हातात पडलंय, आता करायचं काय. आणि फोन ठेवता ठेवता दोघांनीही विचारलं, "पण तुमच्यावर चोरीचा आळ घेणाऱ्या त्या माणसाला तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत ओ?" ही दोन्ही उत्तरं फोनवर सांगून होत नाहीत म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसांची पण नाही, मी अजून तिथंच कामाला आहे.

मी ख्रिस्ती, एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअरकीपर. कास्टिंगच्या काही ग्रेडला भट्टीत थोडं कॉपर टाकावं लागतं, ते स्टोअरमधून वजन करून, इश्यू स्लिपवर सही घेऊन द्यायचं आणि बिन कार्डावर, म्हणजे त्या मालाच्या शिलकीच्या कार्डावर, उतरवायचं असा नियम. दिवसा हे सगळं व्यवस्थित चालतं. रात्रपाळीला स्टोअरकीपर नसतो, मेल्टिंगचा सुपरवायझर सिक्युरिटीकडून डुप्लिकेट चावी घेतो, माल काढतो आणि सकाळी स्लिप पाठवतो. म्हणजे पाठवायची असते. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, सगळ्यांना माहीत, मॅनेजरना पण.

शनिवार, १९ ऑगस्ट २०२३ ला स्टॉक मोजला आणि कॉपर ८६ किलो कमी भरलं. त्यावेळच्या भावानं साठ हजारांच्या आसपासचा माल. काटा परत लावला, परत मोजलं, तेवढंच. ऑडिटवाले, अकाउंट्सचा पोरगा, दोन हेल्पर, सगळे उभे होते आणि तोच मेल्टिंगचा सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "चावी कुणाकडं असते? त्यांनाच विचारा की. संडेला चर्च, मंडेला कॉपर." हसले सगळे. मी काही बोललो नाही, खरं तर बोलायला सुचलंच नाही. नंतर एचआरच्या टिपणात हेच "आरोप झाल्यावर कर्मचारी निरुत्तर होता" असं आलं. त्यामुळे पहिली गोष्ट सांगून ठेवतो, गप्प राहिलात तर त्याचाही कागद होतो. त्याच दिवशी दोन ओळीचा अर्ज द्या, की मोजणीत तूट निघाली, मला कारण माहीत नाही, रात्रपाळीच्या स्लिपा तपासाव्यात. भांडायची गरज नाही, अर्ज पुरतो. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जागचं हलू नका.

सोमवारी मी त्या सुपरवायझरला चहाच्या टपरीवर एकट्याला गाठलं. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात सांगितलंय की भावानं अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला, म्हणजे चर्चला, सांग. तो काही आमच्या मंडळीतला नाही, म्हणून तिसरी पायरी इथं लागू होत नव्हती, पण पहिली करायला काय हरकत. मी म्हटलं, रात्रीच्या स्लिपा राहिल्या असतील तर आपण दोघं बसून काढू. तो म्हणाला, "माझ्या हातात काय नाही आता, वरून प्रेशर आहे," आणि चहा अर्धा टाकून गेला.

२२ तारखेला शो-कॉज, म्हणजे कारणे दाखवा, नोटीस आली, ४८ तासांत खुलासा द्या म्हणून. २८ ला सस्पेंशन लेटर. त्याच दिवशी एचआरच्या केबिनमध्ये बसवून, पाणी वगैरे देऊन, समजुतीनं सांगितलं की तुम्ही चांगल्या घरचे, पोलीस कम्प्लेंट केली तर ४०८ कलम (तेव्हाच्या आयपीसीतलं, नोकरानं केलेल्या विश्वासघाताचं) लागेल, मुलीचं लग्नाचं वय, त्यापेक्षा राजीनामा लिहून द्या, फुल अँड फायनल, म्हणजे सगळा हिशेब, पंधरा दिवसांत करतो, बाहेर कुणाला काही कळणार नाही. कागद टाइप करून तयार होता, तारखेसकट. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

घरी दोन तट. माझी मोठी बहीण आणि चर्चमधल्या दोनचार वडीलधाऱ्यांचं म्हणणं की सोडून दे, प्रभू बघून घेईल, ख्रिस्ती माणसानं दुसरा गाल पुढं करायचा. मिसेस म्हणाली की दुसरा गाल पुढं करा पण सही करू नका. मी रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांकडं गेलो. त्यांनी उपदेश केला नाही, प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय वाचायला लावला. फिलिप्पै शहरात येशूचे प्रचारक पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी निरोप पाठवतात की सोडून द्या त्यांना, जाऊ देत गुपचूप. पौल जात नाही. तो म्हणतो, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. शिव्या नाहीत, सूड नाही, पण मागच्या दारानं जायला नकार. मला तो टाइप केलेला राजीनामा डोळ्यासमोर आला. मंगळवारी एचआरला लेखी कळवलं की मी राजीनामा देत नाही, चौकशी करावी, मी सहकार्य करीन. पोलीस कम्प्लेंट त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. राजीनाम्यावर त्या खोलीत सही करू नका, एवढं तरी ह्या लेखातून घ्या.

आता पैशाचं. सस्पेंड केलं म्हणजे पगार बंद असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. चौकशी चालू असेपर्यंत निर्वाह भत्ता द्यावा लागतो, कर्नाटकात त्यासाठी १९८८ चा वेगळा कायदाच होता, मला त्याप्रमाणं मिळाला. पहिले ९० दिवस अर्धा पगार, पुढं १८० दिवसांपर्यंत ७५ टक्के, त्यानंतर ९० टक्के. माझा पगार २१ हजार, म्हणजे पहिले तीन महिने साडेदहा हजारात घर. त्यासाठी दर महिन्याला "मी दुसरीकडं कुठं कामाला नाही" असं डिक्लेरेशन द्यावं लागतं, ते मी एक तारखेलाच गेटवर देऊन पोच घ्यायचो, कारण ते नाही दिलं तर पैसे अडवायला कारण मिळतं. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, चालू राहिलं, अप्पांची बीपीची औषधं तिथूनच येतात म्हणून मोठाच आधार. पीएफमध्ये मात्र त्या काळात काही जमा दिसलं नाही.

११ सप्टेंबरला चार्जशीट आलं. इंग्लिशमध्ये, पाच पानं, आरोप दोन. एक, कंपनीच्या मालाची चोरी किंवा अफरातफर, आणि दोन, ठरलेल्या पद्धतीचं पालन न करणं. हे दोन वेगळे आहेत हे मला कळायला एका वकिलाकडं जावं लागलं. त्यांनी एका बैठकीचे १५०० घेतले आणि सांगितलं की चौकशीत बहुतेक कंपन्या वकील चालवून घेत नाहीत, सोबत काम करणारा माणूस डिफेन्सला घ्या, आणि खुलाशात भाषण करू नका, प्रत्येक आरोपापुढं "मान्य नाही" आणि का ते दोन वाक्यात. मी रात्री बसून सात पानं लिहिली होती, त्यात त्या सुपरवायझरच्या सात पिढ्या काढल्या होत्या. ती वही कपाटात टाकली आणि पाऊण पानाचा खुलासा दिला. सोबत कागदांची मागणी केली : बिन कार्ड, सहा महिन्यांच्या इश्यू स्लिपा, सिक्युरिटीचं चावी रजिस्टर, भट्टीच्या हीट शीट, म्हणजे भट्टीत कधी काय किती टाकलं त्याची नोंद. हे शेवटचं मामांनी सुचवलं.

मामा म्हणजे मशीनशॉपमधले सीनियर, सगळी कंपनी त्यांना मामा म्हणते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. त्यांना विचारायला गेलो तर "होय की, त्यात काय एवढं, बसतो की तुझ्याबरोबर" एवढंच बोलले. गणपतीच्या धामधुमीत स्वतःच्या घरचं सोडून दीड दिवसाच्या विसर्जनानंतर माझ्याकडं येऊन बसले होते कागद बघत.

पहिली बैठक १६ ऑक्टोबरला, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील, कंपनीनं नेमलेले. माणूस सरळ होता. कंपनीच्या वतीनं एचआरचे एक साहेब कन्नडमध्ये बोलायचे, टायपिंग इंग्लिशमध्ये व्हायचं, मी मराठी माध्यमाचा. मला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं आणि बसपुरतं, पण "अफरातफर" आणि "निष्काळजी" यातला फरक कळण्याइतकं नाही. मी पहिल्याच दिवशी विनंती नोंदवून घेतली की प्रत्येक प्रश्न मला मराठीत समजावून सांगावा. कुणी भाषेचा वाद केला नाही, अधिकाऱ्यांनी लगेच मान्य केलं. आपल्याकडं ह्या विषयावर आवाज चढायला वेळ लागत नाही, पण नीट मागितलं तर माणसं देतात असा निदान माझा तरी अनुभव. प्रत्येक पानावर सही करताना मी शेजारी मराठीत "मजकूर मराठीत समजावून सांगितला, समजला" असं लिहायचो, आणि जे पान समजलं नाही ते परत वाचून घेतल्याशिवाय सही करायचो नाही. वेळ जातो, समोरचे सुस्कारे टाकतात, टाकू द्यावेत.

मग तारखा. नोव्हेंबरात दोनदा साक्षीदार आला नाही. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन बेळगावात, चौकशी अधिकाऱ्यांचीच दुसरीकडं धावपळ, ती पण तारीख गेली. ह्या रिकाम्या दिवसांचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो, बाहेर कुठं काम करायचं नाही आणि घरात बसलं की डोकं फिरतं. पिरनवाडीच्या बाजारात ओळखीचे भेटले की "सुट्टीवर काय?" विचारायचे. कॅम्पात चर्चला गेलं की कुणी मुद्दाम काही बोलायचं नाही, पण दानाची थैली मोजायला दरवर्षी मी असायचो, त्या डिसेंबरात कुणीतरी म्हणालं की ह्यावेळी तरुणांना संधी देऊया. चालायचंच म्हणतात, पण हे कंपनीच्या चार्जशीटपेक्षा जास्त लागलं हे लिहून ठेवतो.

त्या दिवसांत पेत्राचं पहिलं पत्र, दुसरा अध्याय, बऱ्याच वेळा वाचला. चांगलं करूनही दुःख सोसावं लागलं तर ते देवाच्या दृष्टीनं मोलाचं, आणि ख्रिस्तानं निंदा होत असताना उलट निंदा केली नाही, नीट न्याय करणाऱ्यावर सोपवलं, असं तिथं आहे. आपल्याकडं हा उतारा नेहमी "सोस आणि गप्प बस" अशा अर्थानं सांगतात. पण ते लिहिलंय घरगडी असलेल्या गुलामांना. त्यांना ना शो-कॉज, ना चौकशी अधिकारी, ना लेबर ऑफिस. त्यांच्या हातात तोंड आवरणं एवढंच होतं. माझ्या हातात हीट शीट मागायचा हक्क होता, तो न वापरणं म्हणजे नम्रता कशी म्हणायची? दुसरा भाग मात्र मलाही तसाच्या तसा लागू होता, उलट निंदा करायची नाही. आणि खरी परीक्षा तिथंच झाली.

झालं असं की तो सुपरवायझर घराच्या बांधकामाला कंपनीतले जुने अँगल आणि पत्रे गेटपासशिवाय घेऊन गेला होता, मी स्वतः बघितलेलं, टेम्पोचा नंबर पण लक्षात होता. फेब्रुवारीत त्याची उलटतपासणी ठरली तेव्हा मामांना मी बोलता बोलता सांगितलं आणि त्यांचे डोळे चमकले. "हेच विचारतो उद्या. चोर म्हणणाराच चोर." मी नको म्हटलं. मामा असे भडकले की बस्स. "अरे गा, तो तुझ्या पोटावर पाय देऊलालाय आणि तू त्याची अब्रू राखूलालास? मग मला कशाला बसवलास?" त्यांचं बरोबर होतं, ते स्वतः अडचणीत येऊन माझ्यासाठी बसले होते. मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले की अँगलचा कॉपरशी काही संबंध नाही, विचारलंत तर फक्त त्याला खाली दाखवायला विचारल्यासारखं होईल, पण बरेच जण विचारतात. निर्णय माझ्यावर टाकला.

योहानाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात येशूला महायाजकासमोर एक शिपाई थोबाडीत मारतो. तिथं तो दुसरा गाल पुढं करत नाही, आणि गप्पही बसत नाही. विचारतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. त्या शिपायाच्या घरचं काही काढत नाही, मुद्द्याचं एवढंच. मी मामांना म्हटलं की आपण मुद्द्याचं सगळं विचारू, एकही सोडायचा नाही, पण अँगल नको. मामा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले.

२३ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, माझा सकाळचा उपवास. मामांनी चावी रजिस्टर पुढं ठेवलं आणि एकेक तारीख घेत गेले. ह्या रात्री चावी तुम्ही घेतली, ही सही तुमची काय? होय. दुसऱ्या दिवशी स्लिप आहे काय? नाही. ह्याच रात्रीच्या हीट शीटवर कॉपर चार किलो टाकल्याचं लिहिलंय, हे अक्षर कुणाचं? बराच वेळ गेला. माझंच. असं सतरा रात्रींचं. प्रश्न मोठ्या आवाजात नव्हते, मामांचा आवाज मुळात मोठा आहे तरी. शेवटी हीट शीटची बेरीज केली तेव्हा स्लिप नसलेलं ६३ किलो कॉपर भट्टीतच गेलेलं निघालं. कुणी चोरलं नव्हतं, कास्टिंगमध्ये मिसळून गिऱ्हाइकाकडं पोचलं होतं. सुपरवायझर घामाघूम, आणि मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, भूक मात्र सपाटून लागली. उरलेल्या २३ किलोचा हिशेब आजपर्यंत लागलेला नाही.

गुड फ्रायडे २९ मार्चला होता. आमच्याकडं वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. पहिल्या उद्गारावर, म्हणजे हे काय करतात ते त्यांना समजत नाही, त्यांना क्षमा कर, यावर मी बोलावं असं पाळकसाहेबांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. रिपोर्ट यायचा होता आणि त्या माणसाला काय करतोय ते चांगलं समजत होतं असं माझं तेव्हाचं मत. पुढच्या वर्षी परत विचारलं तेव्हा चौथ्या उद्गारावर, म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, यावर बोललो.

रिपोर्ट एप्रिलमध्ये आला. पहिला आरोप सिद्ध नाही, दुसरा अंशतः सिद्ध, कारण स्लिपा येत नव्हत्या हे मी लेखी कळवायला हवं होतं. अशा रिपोर्टची कॉपी देऊन तुमचं म्हणणं मागवतात, ती संधी सोडू नका. मी लिहिलं की रात्रीची पद्धत मॅनेजमेंटला माहीत होती, तोंडी दोनदा सांगितलेलं आहे, आणि पुढं चावी दोन सह्यांशिवाय देऊ नये. मग निवडणूक, ७ मेचं मतदान, सगळं थंड. २० मेला ऑर्डर आली : लेखी ताकीद, कामावर रुजू व्हा. ताकीदपत्र घेताना मी "मिळालं, मजकूर मान्य नाही" असं लिहून सही केली. चालतं तसं, घाबरू नका.

सस्पेंशनच्या काळातला उरलेला पगार आपोआप आला नाही. ऑर्डरमध्ये त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी जूनमध्ये अर्ज दिला, जुलैत आठवण दिली, लेबर ऑफिसला जायची तयारी आहे हे पण नम्रपणेच लिहिलं, आणि ऑगस्ट, सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत आला. माझा एकूण खर्च म्हणाल तर वकिलांचे साडेचार हजार, झेरॉक्स आणि टायपिंगचे हजारभर, बाकी पेट्रोल. बहिणीकडून उसने घेतलेले तीस हजार दिवाळीपर्यंत फेडले.

सुपरवायझर तिथंच आहे. माफी वगैरे काही मागितली नाही, मी पण वाट बघणं सोडलंय, रोज सकाळी त्याची स्लिप मात्र वेळेत येते. अँगलचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बरोबर केलं का यावर मामा आणि मी अजून अधूनमधून वाद घालतो, मामांचं मत बदललेलं नाही.

आणि एक, मिसेसनं विचारलं म्हणून मी ऑर्डर परत नीट वाचली : सस्पेंशनचा काळ सर्व्हिसमधला खंड धरला असं कुठं लिहिलंय का ते बघून घ्या. ग्रॅच्युइटीला त्यानं फरक पडू शकतो. माझ्यात नव्हतं. तुमच्यात असेल तर ताकीदपत्राच्या नादात ते विसरू नका, त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.